आडवं पातं

नाही नाही, थांबा जरा — काढायचं नाही? हे पातं? हे गवताचं पातं फुलाच्या तोंडावरून आडवं गेलंय, ते तसंच ठेवायचं म्हणता? अहो, दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याचं मी वेगळं काही घेत नाही. माऊस फिरवला की गेलं. लोक उलट मागे लागतात माझ्या — मामाच्या डोक्यातून विजेचा खांब निघालाय तो काढा, धाकटीच्या गालावरचा फोड काढा. एकानं तर सासराच काढून टाका म्हणून सांगितलं होतं. अख्खा सासरा, खुर्चीसकट! काढला मी. मागची भिंत अशी जोडून दिली की सासूलासुद्धा कळलं नसतं. आणि तुम्ही गवताच्या पात्याला जपताय! बरं, राहू द्या. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. बसा त्या स्टुलावर, जरा भिंतीकडून बसा, त्याचा एक पाय आखूड आहे. टोपी ठेवा की इथं काउंटरवर, मांडीवर कशाला धरून बसलाय?

तर — वीस बाय तीस, जाड पुठ्ठ्यावर, वरून चकचकीत नको, आणि पाचच्या आत. पाचच्याच आत का? कचेरी बंद होते? कुठली कचेरी? बरं, नका सांगू, मी आपलं विचारलं. या धंद्यात विचारावं लागतं हो. मागं एक जण आला गुलाबाचा फोटो घेऊन, पाण्याचे थेंब वगैरे, स्पर्धेला पाठवायचाय म्हणाला, मोठा करून द्या. मी बघतो तर गुलाब माझा! तीन वर्षांपूर्वी त्या दर्शनी काचेत मीच लावला होता, यानं रस्त्यात उभं राहून मोबाइलवर टिपला — कडेला माझ्या पाटीचं अर्धं अक्षरसुद्धा आलेलं! दिवसाढवळ्या! आणि मलाच आणून दाखवतोय. तेव्हापासून कानाला खडा लावला. कोण आलं, काय आणलं, कुठून आणलं, सगळं विचारतो. मी संशयी नाही. आमची ही म्हणते की आहे, पण तिच्या म्हणण्याला — असो. हा फोटो तुम्ही काढलात? ही मान हो म्हणून हलली की नाही म्हणून? एका बाईंनी काढला. बरं. बाईंनी. आणि बाई स्वतः का नाही आल्या? बरं बरं, राहिलं.

पण बाईंना कळतं हां. हे बघा, मोठा करतो — बोलता बोलता हात चालू असतो माझा, तुम्ही तिकडं लक्ष देऊ नका — ऊन कसं बाजूनं घेतलंय बघा, समोरून नाही. आणि कॅमेरा जमिनीला टेकवलाय. पोटावर पालथं पडल्याशिवाय हे मिळत नाही. म्हणजे हा रानातला. बागेत कोण पालथं पडतंय! बागेतली फुलं काढणं म्हणजे लग्नातले फोटो काढणं — सगळे धुऊनपुसून, ताठ मानेनं, बघा इकडं म्हटलं की बघतात. त्यात काही राम नाही. मी काढलीत ना, वीस वर्षं काढलीत — सकाळी लवकर जायचं, पाण्याची फवारणी बाटलीतून करायची, लोक म्हणतात काय दव पडलंय, मागे काळं कापड धरायचं, लोक म्हणतात काय अंधार साधलाय. रानातलं फूल तसं नाही. ते तुमची वाट बघत नसतं. वारा सुटतो, ते हलतं, तुम्ही श्वास धरून बसता, आणि नेमका तेव्हाच मुंगळा पायजम्यात शिरतो. मान का हलवताय? रानातलाच आहे हा. अहो, मला सांगू नका! हे फूल बागेत येतच नाही. कुठलाही माळी आणून दाखवा, त्याच्या बापाच्यानं येणार नाही. हे फूल मला माहीतय. चांगलं माहीतय. मागे बघा — तुमच्या मागे भिंतीवर — ते कुठलं आहे? तेच ना? बघा बघा, जवळ जाऊन बघा. प्रथम पारितोषिक. अकरा वर्षं झाली.

काय स्वच्छ आहे की नाही? एक काडी नाही आजूबाजूला. नुसतं फूल, तो दांडा आणि मागे धुकं. लोक विचारतात, स्टुडिओत काढलंत का? मी म्हणतो, नाही, खाणीमागच्या उतारावर. खरं तर मला नाही, तिला दिसलं होतं — आमच्या हिला. तेव्हा आम्ही दोघं जायचो, सुट्टीच्या दिवशी, डबा घेऊन. ती पुढं, मी सामान उचलून मागं. तिची नजर अशी की मी ज्याच्यावर पाय ठेवणार तेच तिला दिसायचं. "अहो, पाय!" — हे तिचं बोलणं. दिवसभरात शंभरदा. तर त्या दिवशी गुडघाभर गवतात बसली ती फतकल मारून, आणि हाक मारली मला. सात दांडे. पान म्हणून नाही एकसुद्धा. हिरवा रंगच नाही अंगात — पिवळट दांडा आणि वर जांभळट तोटी, खाली मान घातलेली. पुस्तकात नाव होतं त्याचं, जीभ अडखळेल असं, आम्ही बिनपानी म्हणायचो. तिनं वाचून काढलं होतं सगळं — त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, ते गवताच्या मुळांना चिकटून जगतं. आयतोबा! मी म्हणालो पण, तुझ्या भावासारखं आहे. हसली होती ती. तेव्हा हसायची.

मग काय, मी कॅमेरा लावला. आणि जिकडं बघावं तिकडं गवत! एक पातं तोंडावर, एक मानेवर, मागं सगळं पिंजर. आता सांगा, आम्ही फोटोवाले काय करतो? सगळेच करतात हो, कोणी कबूल करत नाही, मी करतो — आम्ही झाडलोट करतो. दोन पाती वाकवायची, चार उपटायची. तिनं तिच्या कॅमेऱ्यात — कॅमेरा एकच होता, आळीपाळीनं घ्यायचो — तिनं तसाच काढला होता, गवतासकट. मी म्हणालो, हा काय फोटो आहे? फूल कुठंय यात? आणि ती पाण्याची बाटली भरायला खाली झऱ्यावर गेली तेवढ्यात मी साफ केलं. नीट. खुरपं असायचं माझ्या पिशवीत. मुळासकट काढलं, नाहीतर मागं खुंट दिसतात. तीन-चार हात जागा, अशी चकाचक — अंगण सारवल्यासारखी. सातही दांडे मोकळे उभे. ती आली, बाटली हातात, आणि बघत उभी राहिली. मला वाटलं खूश होईल. मी म्हणालो, बघ, आता दिसतंय की नाही? उपटलेलं गवत गोळा करायला लागली ती. पंधरा दिवसांनी मात्र एकटीच परत गेली तिथं, वाळलेली बोंडं घेऊन आली, जुन्या फिल्मच्या रिकाम्या काळ्या डबीत — बी कसलं, तपकीर! शिंकलं तर उडून जाईल. ती डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत कितीतरी दिवस होती. नंतर दिसेना. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी गेलो. काहीच नाही. माती वाहून गेलेली, नुसते खडे. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तोवर हा फोटो इथं लागला होता, आणि लोक वाहवा करत होते, आणि ती एकदाच बोलली. एकदाच हां. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते गेल्यावर म्हणाली, "तुम्ही त्याचं ताट काढून घेतलंत आणि मग त्याचा फोटो काढलात." बस्स. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर माझ्याबरोबर आली नाही ती कुठं. कॅमेरा घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला, जुन्या चादरीखाली, मी नवा घेतला. आता तुम्ही म्हणाल, एका फुलापायी? तेच म्हणतो मी! घरात जेवण होतं, दिवा लागतो, बोलणं होतं — मीठ संपलं, नळ गळतोय. पण ते "अहो, पाय!" गेलं.

तुम्हाला कशाला सांगतोय मी हे? तुम्ही कोण कुठले. पण अनोळखी माणसाला सांगायला बरं असतं, तो घरी येऊन सांगत नाही. मग आणखी एक सांगतो — छपाईला अजून वेळ आहे, यंत्र तापतंय. या दोन वर्षांत दर मंगळवारी ती सकाळी सहाला बाहेर पडते. कुठं? तर बहिणीकडं. मी म्हटलं, ठीक. बहीण आहे, जावं. पण एक दिवस मेव्हणी भेटली बाजारात, म्हणाली, "भावोजी, ताईला म्हणावं, किती महिने झाले आली नाही!" झालं! मनात पाल चुकचुकली. मग मी बघायला लागलो. मंगळवारी आली की मोज्यांना कुसळं. कोपरांना माती. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथं कुठलं आलंय गवत? आणि चेहरा — काय सांगू — धुऊन काढल्यासारखा. आल्यावर गुणगुणायची. माझी चाहूल लागली की बंद. सांगा, पाणी मुरतंय की नाही कुठंतरी? मी संशयी नाही हो! पण डोळे आहेत मला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथं तर मोज्यावरचंच दिसत होतं.

मग तीन आठवड्यांमागं मी दुकान उशिरा उघडलं आणि तिच्या मागं गेलो. हसू नका. या वयात, भिंतीच्या कडेकडेनं. ती गेली सार्वजनिक बागेत. मोठ्या दारानं नाही, मागच्या. पंपाची खोली आहे ना तिथं, तिच्या मागं कोपरा आहे, कोणी जात नाही, गवत हे असं, कमरेएवढं. त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मी बाकावर बसलो, पेपर धरून. एक तास! आणि ती एकटी नव्हती. गवतातून मधूनच एक टोपी वर यायची. पुरुषाची. पाठमोरा. टोपी, पाठ, परत गवतात. आणि तिचं हसणं ऐकू आलं मला. अकरा वर्षांनी. मी जाऊ शकलो असतो पुढं. नाही गेलो. काय बघायला मिळेल या भीतीनं नाही गेलो. आणि दिसत तर काहीच नव्हतं, त्या मेल्या गवतानं! मग घरी आलो आणि अर्ज लिहिला. उद्यान खात्याला. "पंपाच्या खोलीमागं गवत माजले असून साप-विंचवाचे भय आहे, तरी सदर कोपरा तातडीने साफ करावा." खाली सही — एक जागरूक नागरिक. आठ दिवसांनी आणखी एक, जरा कडक. म्हटलं, एकदा कोपरा मोकळा झाला की बाकावरून सगळं स्वच्छ दिसेल. बघू मग टोपीवाला कुठं लपतो! आणि काम झालंय हां, खात्यातला माणूस ओळखीचा आहे, म्हणाला उद्या सकाळी सातला यंत्र लावतायत. मुळापासून काढणार, वर खडी टाकणार. काय झालं? उठलात का? बसा. पाणी देऊ?

हं. चला, तुमचा फोटो लावू यंत्रावर. फक्त हा एक ठिपका काढतो — वर डाव्या कोपऱ्यात, दिसतोय? करडा. धूळ आहे ती. कॅमेऱ्याच्या पोटात काच असते, तिच्यावर बसली की प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटते. हा तर शेपटीवाला दिसतोय, स्वल्पविरामासारखा — स्वल्पविराम… डावीकडं, वर… थांबा. थांबा हां. जरा तो चष्मा द्या तिथला. माझ्या भिंतीवरच्या फोटोतून हाच काढला होता मी. अस्साच. पाच वर्षं प्रत्येक फोटोतून काढलाय, झोपेतसुद्धा काढीन. हा कॅमेरा माझा आहे. हा माझा कॅमेरा आहे, माझ्या कपाटातला, चादरीखालचा! कधी काढलाय फोटो — मंगळवार. सकाळी सात चाळीस. मंगळवार!

बसा म्हणतो ना! कुठं निघालात? ती टोपी — दाखवा ती टोपी. मांडीवर का धरून बसला होतात ते आत्ता कळलं. चोराच्या मनात चांदणं! आणि हात पुढं करा. करा म्हणतो. ही नखं. ही माती. दुकानात शिरताना पायपुसण्यावर दोनदा पाय पुसलेत, तेव्हाच मी म्हटलं… तुम्ही माळी आहात. त्या बागेतले माळी आहात तुम्ही. तो तुम्ही. आणि कुठल्या तोंडानं माझ्याच दुकानात — तुम्हाला माहीत नव्हतं? तिनं सांगितलं नव्हतं? की सांगितलं होतं, सगळीकडं जा, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊ नका? — सांगितलं होतं. आणि समोरचं फोटोचं दुकान आज बंद. बरोबर. दर बुधवारी बंद असतं ते. वा!

नाही, तुम्ही काही बोलू नका, मीच बोलतो. फोटोत गवत आहे. हे गवत उताराचं नाही, रुंद पात्याचं आहे, तुमच्या बागेतलं. म्हणजे फूल बागेत आलंय. म्हणजे ती डबी. ती डबी घेऊन तुमच्याकडं आली ती, आणि तुम्ही हो म्हणालात, आणि दोघांनी मिळून त्या कोपऱ्यातल्या गवताच्या मुळाशी तपकीर पेरलीत, आणि दोन वर्षं दर मंगळवारी बघत बसलात उगवतंय का. किती आले? बोटं दाखवा नुसती. तीन. तीन दांडे. आणि उद्या सातला यंत्र येतंय, आणि तो कोणी एक जागरूक नागरिक, त्याच्या अर्जावर हुकूम निघालाय, म्हणून हा फोटो साहेबाच्या टेबलावर ठेवायचा पाचच्या आत — साहेब, हे बघा, हे आहे तिथं, नका कापू. आणि गवत दिसलंच पाहिजे त्यात. त्याच्याशिवाय ते जगत नाही हेच तर साहेबाला दाखवायचंय. म्हणून पातं नाही काढायचं. असं आहे होय! आणि मी इथं तुम्हाला सासऱ्याची गोष्ट सांगतोय.

तुम्हाला खरं सांगू का माळीदादा — मला दुसरंच वाटलं होतं. ते असतं तर मी काय केलं असतं, ओरडलो असतो, तिनं बॅग भरली असती, जगात होतंच की. पण हे? माझ्यापासून माणूस नाही लपवला तिनं. फूल लपवलं. एका घरात राहून, एका ताटलीतून पोळ्या घेऊन, दोन वर्षं तिला भीती कसली होती, तर मला कळेल आणि मी तिथं जाईन याची. कॅमेरा घेऊन. खुरपं घेऊन. अहो, मी काय राक्षस आहे? एक फोटो काढला मी! अकरा वर्षं झाली त्याला, माणूस सुधारत नाही का? मी काही तोडणार नव्हतो, नुसतं बघितलं असतं, लांबून. आताही नुसतं बघेन. कोपऱ्यात नक्की कुठं आहे ते? पंपाच्या भिंतीपासून किती पावलं? सांगा ना, मला सांगायला काय हरकत आहे? तो माझा कॅमेरा आहे, बायको माझी आहे, बी मी — बी माझ्यासमोर आणलं होतं तिनं. बरं, नका सांगू एवढ्यात. आधी फोटो. पावणेचार झालेत. ठिपका नाही काढत, राहू दे ठिपका, तो आमच्या दोघांचा आहे. हं, हे दाबलं. बघा, वरून खाली येतो हळूहळू. हे आकाश. ठिपका आला, बघा. आता गवताचे शेंडे. काय रंग आलाय! ही तोटीची कड, हा जांभळा, हे तोंड, आणि इथं —

पातं कुठंय?

मी नाही काढलं. मी हात लावला नाही हो त्याला, तुम्ही समोर बसला होतात, बघत होतात — नाही. तुम्ही भिंतीवरचा फोटो बघत होतात. मीच म्हणालो, जवळ जाऊन बघा. आणि मी बोलत होतो. खाणीमागचा उतार, बिनपानी, सारवलेलं अंगण, आणि हात चालू होता. तुम्ही पहिलंच वाक्य बोललात ते हे, की पातं काढू नका. मी हो म्हणालो. आणि काढलं. मागचं सगळं जोडूनसुद्धा दिलंय, बघा, कुठं खूण नाही. किती छान दिसतंय. कळतसुद्धा नाही की इथं काही होतं.

द्या ते इकडं. फाडतो मी. तुम्ही फाडू नका, मला फाडू द्या.

हे घ्या, तुमचा पेनड्राइव्ह, तुम्हीच लावा परत. मूळ फोटो त्यात तसाच आहे, त्याला काही झालेलं नाही. मी हात मागं बांधतो, हे बघा. आता ते निळं बटण. दाबा. तेच. आणि तो छापतोय तोवर मला लिहू द्या… "मी, खाली सही करणार, याने पंपाच्या खोलीमागील गवताबाबत दोन निनावी अर्ज केले होते. त्यातील साप-विंचवाची तक्रार खोटी आहे. दोन्ही अर्ज मागे घेत आहे. गवत कापू नये." खाली नाव. पूर्ण नाव, दुकानाचा शिक्का. निनावी ठेवून चालणार नाही, साहेब मानणार नाही. हो, तिला कळेल. साहेबाच्या टेबलावर फोटोशेजारी हा कागद असेल, आणि ती असेल तिथं, हो ना? बाहेर बसली असेल बाकावर, तुमची वाट बघत. बरोबर आहे. कळू दे. मी मागं मागं आलो होतो तेही कळेल. कळू दे सगळं.

हा घ्या. पातं आहे? तुम्ही बघा, मी म्हणतोय म्हणून मानू नका, बोट ठेवून बघा. आहे ना? आडवं, तोंडावरून. बरं. कोपरे दुमडू नका, पुठ्ठा अंगाला लावून धरा, वारा आहे. चिठ्ठी वेगळी घ्या, खिशात. आणि हे — तुम्ही तोंड उघडताय ते कशासाठी ते मला कळतंय. दया आलीय तुम्हाला. पंपापासून किती पावलं ते सांगणार आहात. नका सांगू. मघाशी मी विचारलं ते विसरा. पुन्हा विचारेन, उद्यासुद्धा विचारेन, रस्त्यात गाठून विचारेन, गोड बोलून विचारेन, तरी सांगू नका. मी बागेत दिसलो तर हटका मला. तिनं तुम्हाला बरोबर सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊ नका म्हणून.

काय? तिला काय सांगायचं? काही नको. तो भिंतीवरचा आता कशाला बघताय, निघा. चार वाजून गेले. जाताना दार जोरात ओढा, चिकटतं ते. जा म्हणतो ना!